तोडलेले जोडशब्द

महोदय,
ठाण्यात सोसायट्यांच्या पाट्यांवर 'प्रवेश द्वार', 'वाहन तळ' असे जोडशब्द सर्रास तोडलेले दिसतात. आपल्याकडे अर्थ कसाबसा निभावतो. नॉर्वेजियनमध्ये तो कधी कधी उलटतोच. 'रॉइकफ्रिट' सलग लिहिले तर धूम्रपानमुक्त, तोडले की 'खुशाल ओढा'! तिथे जोडशब्द उच्चारताना मुख्य आघात (जोर) पहिल्या पदावर, लिंग मात्र शेवटच्या पदाचे. 'दाग' म्हणजे दिवस, पुल्लिंगी. 'ल्यूस' म्हणजे प्रकाश, नपुंसकलिंगी. म्हणून 'दाग्सल्यूस' नपुंसकलिंगी. मधला 'स' हा निव्वळ सांधा. ओळीअखेर शब्द तोडताना तो पहिल्या पदाकडेच राहतो: दाग्स-ल्यूस. पेंटरला मजकूर देतानाच शब्द सलग लिहून द्यावेत. जागा अपुरी पडली तर अक्षरे बारीक करावीत, नाहीतर दोन पदांच्या सांध्यावर संयोगचिन्ह घालावे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे