कोरा झालेला फॉर्म

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

काल तू नोकरीची बातमी दिलीस आणि फोनवर मला धड बोलताच आलं नाही. म्हणून लिहायला बसले. वीस वर्षं मी टेस्टिंगमध्ये काढली, दुसऱ्यांनी लिहिलेलं कुठे मोडतं ते शोधत. आता तू लिहिणाऱ्यांच्या बाजूला चालली आहेस, तर त्या वीस वर्षांतलं थोडं तुझ्या पदरात घालते.

तुझं पहिलं ॲप तू माझ्या हातात दिलंस तो दिवस आठवतो? अकरा रकान्यांचा फॉर्म होता. नवव्या रकान्यापर्यंत आले आणि फोन आला. चार मिनिटं बोलले, बोलता बोलता कॅमेरा उघडून एका कागदाचा फोटो पाठवला, आणि परत येऊन बघते तर फॉर्म कोरा. तू म्हणालीस, "आई, तू काहीतरी दाबलं असशील." मी काहीच दाबलं नव्हतं. तूही खोटं बोलत नव्हतीस. तुझ्या लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या नकली फोनमध्ये, तो फॉर्म कधीच कोरा झाला नव्हता, कारण तिथे तुला मध्येच कुणी हाक मारत नव्हतं आणि मेमरीही भरपूर होती. माझा फोन जुना, रॅम बेताची. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे गेलेल्या ॲपची प्रोसेस गुपचूप बंद करतं. फोन आडवा केल्यावर व्ह्यूमॉडेल, म्हणजे कोडचा स्क्रीनवरची माहिती धरून ठेवणारा भाग, टिकतं, पण प्रोसेसच गेली की त्यातलं सगळं जातं.

त्या रात्री तू डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू केलंस, म्हणजे ॲपमधून बाहेर पडलं की त्याची स्क्रीन लगेच मोडते. ॲपमधून बाहेर पडून परत आलीस, आणि तुझ्या डोळ्यांसमोर फॉर्म कोरा झाला. एक वाजता मला उठवून तू म्हणालीस, "आई, तू काही दाबलं नव्हतंस." तू डेव्हलपर झालीस ती त्या रात्री. ऑफर लेटर काल आलं, एवढंच.

म्हणून माझं एकच मागणं आहे. वापरणाऱ्याने "चालत नाही" म्हटलं की आधी त्याचं खरं धरायचं. त्याचा फोन कुठला, व्हर्जन कुठलं, त्याआधी त्याने काय केलं, हे विचारायचं. "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते तुझ्या तोंडून ऐकायची माझी तयारी नाही. तक्रार करणारा तरी बोलतो. बाकीचे ॲप काढून टाकतात आणि त्यांचं काय अडलं ते तुला कधीच कळत नाही. क्रॅश झाला तर निदान रिपोर्ट येतो. कोऱ्या फॉर्मचा रिपोर्ट येत नाही.

अँड्रॉइडची कॉटलिन भाषा धरू, की एकाच कोडातून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीची ॲप्स बनवणारं फ्लटर, हा घोळ तू महिनाभर घातलास. माझ्यासमोर लोकांनी आयफोनच्या ॲप्ससाठी वर्षानुवर्षं ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा घोटली आणि 2014 मध्ये ॲपलने स्विफ्ट आणली. अँड्रॉइडवाले जावात मुरलेले होते, 2017 मध्ये गूगलने कॉटलिनला अधिकृत पाठिंबा दिला. फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती 2018 च्या डिसेंबरमधली. जे टिकले त्यांना मुळातलं कळत होतं: स्क्रीन कधी जन्मते, कधी मरते, मेन थ्रेड, म्हणजे स्क्रीन हलती ठेवणारी कामाची मुख्य रांग, अडवला तर काय होतं, नेटवर्क अर्ध्यात तुटलं तर माहितीचं काय करायचं. अँड्रॉइडवर बोट लावल्यावर पाच सेकंद ॲप ढिम्म राहिलं तर सिस्टीमच विचारते की हे बंद करू का. हे कुठल्याही भाषेत लिहिलंस तरी सुटत नाही. तुझ्या टीमला कॉटलिन हवी आहे ना, मग दोन वर्षं तीच धर. बाकीचं मागून येईल.

पहिले काही महिने तुला नवं काही लिहायला मिळणार नाही. जुन्या कोडमधले बग देतील. त्यात कमीपणा मानू नकोस. कोड रिव्ह्यूत, म्हणजे सहकारी तुझा कोड तपासतात तेव्हा, कुणी वीस शेरे मारले तर ते कोडवर आहेत, तुझ्यावर नाहीत, हे मला माहीत असूनही पटायला फार वेळ लागला होता. आणि अडलीस तर तासभर स्वतः झगड, मग विचार. दोन दिवस गप्प बसणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं काम अडतंच, वर मन खचतं ते वेगळंच.

आणखी एक, हे मात्र सही करण्याआधीच बघ. नोकरीबाहेर तू जे लिहिशील त्यावर हक्क कुणाचा, हे करारात लिहिलेलं असतं. ते कलम वाच, कळलं नाही तर एचआरला लेखी विचार. कारण तुझं ते फॉर्मचं ॲप तू स्टोअरवर टाकावंस असं मला मनापासून वाटतं. स्वतःचं ॲप एकदा अनोळखी माणसांच्या हातात पडलं की जे शिकायला मिळतं, ते मी तुला सांगून शिकवू शकत नाही. प्ले स्टोअरच्या खात्याचे 25 डॉलर एकदाच भरायचे असतात. ॲपलचे 99, दरवर्षी. ते आत्ता नको. परवानग्या लागतील तेवढ्याच माग. फॉर्म भरायला कुणाचे कॉन्टॅक्ट्स लागत नाहीत.

प्ले स्टोअरच्या नव्या वैयक्तिक खात्याला आधी क्लोज्ड टेस्ट, म्हणजे निवडक माणसांकडून चाचणी, करावी लागते, किमान 12 जण, सलग 14 दिवस. तू म्हणशील, एवढी माणसं कुठून आणू. पहिलं नाव माझं घाल. जुना फोन मी अजून टाकलेला नाही, कालच चार्जिंगला लावलाय. नवव्या रकान्यापाशी आले की तू मला फोन कर.

तुझी,
आई