इंधन बचत कार्डाची सवलत साध्या पेट्रोलवर नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आत्ताच झालेल्या संभाषणानंतर यापुढे फोनवर बोलण्यात अर्थ नाही, अशी माझी खात्री झाल्यामुळे ही तक्रार लेखी देत आहे.

कार्ड घेताना माहितीपत्रकावर ‘प्रत्येक लिटरमागे बचत’ एवढेच ठळक अक्षरांत छापलेले होते. ही बचत केवळ प्रीमियम पेट्रोलवर मिळते, हे मला कळले ते पंपावरच्या पावतीवरून: लिटर, दर, एकूण रक्कम आणि सर्वांत खाली ‘सवलत ०.००’. प्रीमियम भरले, तर मिळणारी सवलत त्याच्या जादा दराच्या निम्मीही नाही. म्हणजे वार्षिक शुल्क भरून कार्ड घेतलेला ग्राहक, कार्ड नसलेल्या आणि साधे पेट्रोल भरणाऱ्या ग्राहकापेक्षा प्रत्येक लिटरला जास्त पैसे मोजतो.

माझ्या गाडीच्या पुस्तिकेत साधे पेट्रोल पुरेसे असल्याचे स्पष्ट लिहिले आहे, हे मी आपल्या प्रतिनिधींना सांगितले. त्यावर ते म्हणाले, “सर, प्रीमियममध्ये ताकद जास्त असते, मायलेज वाढेल, पैसे आपोआप वसूल होतील.” किती वाढेल, असे विचारल्यावर “ते गाडीवर आहे, सर.” मग सवलतीचे काय, असे पुन्हा विचारले, तेव्हा उत्तर आले, “तुम्ही पहाटे भरत जा ना, थंडीत पेट्रोल घट्ट असतं, तेवढ्याच पैशांत जास्त मिळतं.” मी छापील आश्वासनाबद्दल विचारत होतो आणि मला उठण्याची वेळ सांगितली जात होती. हे ऐकून मला अतिशय अपमान वाटला, कारण इंधन विकणाऱ्या कंपनीला ऑक्टेनचा अर्थ ठाऊक नसेल, हे मी मानू शकत नाही. प्रीमियममध्ये जास्त असते ते ऑक्टेन, आणि ऑक्टेन ही इंधनाची ताकद नसून दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता आहे. ज्या इंजिनाची रचना त्यासाठी केलेली नाही, त्याला जास्त ऑक्टेनचा लाभ होत नाही. पहाटेचे म्हणाल, तर तापमानात १० अंश सेल्सिअसचा फरक पडला तरी पेट्रोलचे आकारमान सुमारे १ टक्काच बदलते, आणि जमिनीखालच्या टाकीत दिवसभरात एवढा फरक पडत नाही. बचतीचाच सल्ला द्यायचा होता, तर टायरमधली हवा नियमित तपासा, टपावरचा रिकामा कॅरियर काढून ठेवा, वेग एकसारखा ठेवा, असे सांगता आले असते. त्याने इंधन खरोखर वाचते.

मापाबद्दल कधी शंका घ्यावी लागली नाही, म्हणून मी इतकी वर्षे आपल्याच पंपांवर पेट्रोल भरत आलो. तो विश्वास आपण एका छापील अर्धसत्यासाठी घालवलात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पुन्हा सांगतो, पत्रकावर ‘प्रत्येक लिटरमागे’ असे लिहिलेले आहे, ‘प्रीमियमच्या प्रत्येक लिटरमागे’ असे नाही.

तरी कार्ड घेतल्यापासून भरलेल्या साध्या पेट्रोलवरील सवलत माझ्या खात्यात जमा करावी, अन्यथा वार्षिक शुल्क परत करून कार्ड रद्द करावे. पावत्यांच्या आणि माहितीपत्रकाच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास हीच कागदपत्रे मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे सादर करीन. कृपया पुन्हा फोन करू नये.

आपला,
एक कार्डधारक ग्राहक