बाबांच्या काळजीला बर्लिनहून उत्तर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मी येथे सुखरूप आहे. थंडी सोसते आहे, जेवणाची आबाळ नाही.

बाबा, येथील निवडणुकांच्या बातम्या वाचून तुम्ही धास्तावला आहात आणि महागाईने जर्मनीत हिटलर आणला, तसेच पुन्हा होईल, असे लिहिता. तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, मला तसे वाटत नाही. 1923 च्या नोव्हेंबरात एका डॉलरला 4.2 लाख कोटी मार्क पडत होते आणि मध्यमवर्गाची जन्मभराची पुंजी मातीमोल झाली, हे खरे. पण त्यानंतर नवे चलन येऊन घडी बसली आणि 1928 च्या निवडणुकीत नाझींना जेमतेम 2.6 टक्के मते व 12 जागा मिळाल्या. चलनफुगवट्याने तेव्हाच्या जर्मन प्रजासत्ताकावरचा विश्वास पोखरला, पण त्याचा जीव घेतला नाही.

मला अधिक दोष दिसतो तो वरच्या खुर्च्यांवरील माणसांचा. 1918 मध्ये सम्राट पायउतार झाला, पण त्याचे न्यायाधीश आणि सेनाधिकारी बहुतांशी जागच्या जागी राहिले. म्हणूनच म्युनिकमध्ये बंड करणाऱ्या हिटलरला पाच वर्षांची शिक्षा होऊनही 1924 संपण्याआधी तो बाहेर होता. पुढे जागतिक मंदी आली, अमेरिकी कर्जांचा ओघ आटला आणि 1930 मध्ये बेकारी विम्याची वर्गणी किती वाढवायची या वादात बहुमताचे शेवटचे सरकार कोसळले. लाखो लोक कामावाचून बसलेले असताना सत्तेतल्या पक्षांना तेवढीही तडजोड साधली नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्यानंतर अध्यक्षांना आणीबाणीचे अधिकार देणाऱ्या राज्यघटनेच्या 48 व्या कलमाखाली अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या वटहुकुमांवर कारभार चालला. 1932 या सबंध वर्षात संसदेने अवघे 5 कायदे केले. कम्युनिस्ट तर नाझींइतकेच सोशल डेमोक्रॅट या मवाळ डाव्या पक्षालाही शत्रू मानत राहिले.

आणि तरीही, बाबा, शेवट अटळ नव्हता. 1932 च्या जुलैत 230 जागा मिळवणारा नाझी पक्ष नोव्हेंबरात 196 वर घसरला होता. अशा उतरणीच्या वेळी माजी सरकारप्रमुख फॉन पापेन यांच्यासारख्यांनी, आपण हिटलरला मुठीत ठेवू या भरवशावर, वृद्ध अध्यक्षांचे मन वळवले आणि 30 जानेवारी 1933 रोजी तो चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला. आजच्या राज्यघटनेत अध्यक्षांना तसे अधिकार नाहीत आणि पर्यायी चॅन्सेलर निवडल्याशिवाय संसदेला विद्यमान चॅन्सेलर हटवता येत नाही. तेव्हा कृपया माझी काळजी करू नका.

आई, फोटोतल्या पदपथावरच्या पितळी चौकोनांविषयी तू विचारलेस. नाझींनी ज्यांना देशोधडीला लावले किंवा मारले, त्यांच्या राहत्या घरासमोर दहा सेंटिमीटरचा एक दगड बसवतात आणि त्यावर नाव, जन्मसाल व पुढे काय झाले ते कोरतात. गुंटर डेमनिग या कलावंताने सुरू केलेले हे काम आता युरोपभर एक लाखाच्या पुढे गेले आहे. 9 नोव्हेंबरला, म्हणजे ज्यूंवरील 1938 च्या हल्ल्यांच्या स्मृतिदिनी, शेजारीपाजारी गुडघे टेकून ते घासून लख्ख करतात, जवळ मेणबत्ती लावतात. ही पूजा नव्हे, आणि त्या घराशी घासणाऱ्याचे नाते असतेच असे नाही. नावावर पाय पडतो ही तुझी खंत येथेही अनेकांना वाटते. म्युनिक शहराने तर याच कारणाने सार्वजनिक रस्त्यांवर असे दगड बसवू दिलेले नाहीत. मी मात्र बाजूने चालतो.

घरकर्जाचा हप्ता आणि गच्चीच्या दुरुस्तीचे पैसे सोमवारी पाठवले आहेत. ताईच्या लग्नासाठी मुदतठेव मोडू नका. मंडपाचा आणि जेवणाचा खर्च मी करणार आहे. साखरपुड्याला मात्र मला येता येणार नाही. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळीही मी नव्हतो, हे मला ठाऊक आहे. लग्नाची रजा मंजूर झाली आहे, तिकीटही काढले आहे. माझ्यासाठी आलेल्या स्थळाविषयी तेव्हा समोरासमोर बोलू. तोवर त्या मंडळींना शब्द देऊ नका.

तुमचा,
मिलिंद