सांगलीची नोकरी मी घेतली नाही

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर आई रडायला लागते आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितेय. सांगलीच्या नोकरीला मी 'नाही' म्हणून कळवलं. मुंबईतच, महापालिकेच्या दवाखान्यात, अपघात विभागात राहणार आहे. रागावू नका, आधी सगळं वाचा.

बाबा, तुम्ही म्हणालात, सिस्टरचं काम सगळीकडे सारखंच. सलाईन, ड्रेसिंग सारखंच, खरंय. पण इथे आम्हाला पेशंटला विचारायला शिकवलंय. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि 'सेहत' संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र काढलं. घरात मार खाणारी बाई दवाखान्यातच ओळखायची आणि तिथेच तिला आधार द्यायचा. पुढे ते काम इतर दवाखान्यांतही गेलं. 'नवरा मारतो' म्हणून कुणी केसपेपर काढत नाही हो. डोकं दुखतंय म्हणून परत परत येते. पाय घसरला म्हणते आणि वळ दंडाच्या आतल्या बाजूला असतात. चुकून फिनेल प्यायले, असं लिहून घ्या म्हणते.

परवा एक मुलगी ड्रेसिंगला आली. प्रत्येक प्रश्नाला उत्तर सासूच देत होती. सासूला मी औषधांच्या खिडकीपाशी पाठवलं, पडदा ओढला आणि पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "अशी जखम कुणी मारल्यानेही होते, म्हणून विचारते. घरी कुणी हात उचलतं का?" ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कागदावर लिहाल?" तिने सांगितलं तसंच लिहिलं. गळा दाबला होता का, आज रात्री घरी जायची भीती वाटते का, हेही विचारावं लागतं. फारच धोका असला तर बाईला देखरेखीसाठी वॉर्डात ठेवून घेता येतं, तेवढ्यात समुपदेशक ताई पुढचं बघतात.

बाबा, माईआत्याचे केसपेपर मी पाहिलेत, तुमच्या ट्रंकेतले. दर वेळी 'अशक्तपणा' आणि ताकदीच्या गोळ्या. तुम्हाला बोल लावत नाही. तुम्ही भाऊबीज कधी चुकवली नाहीत, आणि भावापुढे ती बोललीही नसती. पण सुई टोचणाऱ्या सिस्टरला कदाचित बोलली असती. हे एकदा मनात आलं ते जात नाही, म्हणून मी इथे आहे.

आणि आई, हे मी तुझ्याकडूनच शिकलेय. गुडघा फोडून घेऊन आले की तू आधी हळद दाबायचीस आणि लगेच विचारायचीस, "पडलीस की कुणी ढकललं?" खोटं बोललेलं तुला कळायचंच.

माझी काळजी करू नका. खोलीवर सकाळी पाणी येतं, नाईटला मंगल सोबत असते, डबाही बरा आहे, फक्त भाकरी नसते. आम्ही कुणाच्या घरी भांडायला जात नाही. बाई म्हणेल तेवढंच करतो. सिलिंडरचं शेजारच्या राजूला सांगितलंय, त्याला परत 'नको' म्हणू नका. बाबा, बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, आणि रात्री उठताना आधी दोन मिनिटं खाटेवर बसायचं. आई, मोरीतली ती गुळगुळीत फरशी राजू बदलणार आहे, पैसे मी पाठवलेत. मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही. रजा मंजूर झालीय, मी येतेय. सांगलीला आले असते तर रोज दिसले असते, ते मलाही लागतं.

तुमची,
सुमी

ता.क. सुलू गणपतीला येईल तेव्हा तिच्यापुढे केसपेपरचा विषय काढू नका. तिच्या आईचं आहे, तिच्याशी मीच बोलेन. तोवर ट्रंक बंद ठेवा, पण बाबा, कागद टाकून देऊ नका.