ग्रास कटर भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहू

दि. 10 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. अध्यक्ष महोदय,
गृहनिर्माण सोसायटी, वरुड, जि. अमरावती

विषय: सोसायटीच्या ग्रास कटरचं जाम झालेलं इंजिन दुरुस्त करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी ग्रुपवर आपला निरोप वाचला. ग्रास कटरचं इंजिन जाम झालं, मशीन भंगारवाल्याला देऊ, नवीनचं कोटेशन 14,800 रुपये आहे, कोणाची हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा. माझी हरकत आहे. ग्रुपवर लिहिली असती तर वीस अंगठे आणि दोन सुप्रभात येऊन ती केव्हाच वर सरकली असती, म्हणून कागदावर देतो आहे.

पहिली गोष्ट, मशीन जुनी झालेली नाही. 2023 च्या पावसाळ्यात घेतली, हा तिचा तिसरा पावसाळा. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस चालते, बाकी दिवस शेडमध्ये खुर्च्यांच्या मागे उभी. तीन पावसाळ्यांत झिजून मरणारं इंजिन नाही हे.

काल सकाळी चौकीदाराकडून शेडची किल्ली घेतली आणि पाहून आलो. आपल्याला न विचारता गेलो, त्याबद्दल माफी. प्लग काढून दोरी हलक्या हाताने ओढली, दोन-तीनदा अडली, मग सुटली. म्हणजे पिस्टन कायमचा चिकटलेला नाही. त्यानंतर सायलेन्सरचे दोन स्क्रू काढले. या मशीनमध्ये सायलेन्सर बाजूला झाला की मागच्या खिडकीतून पिस्टन सरळ दिसतो, काही खोलावं लागत नाही. टॉर्च मारला. चांगला पिस्टन साफ, एकसारख्या रंगाचा दिसतो. आपल्या पिस्टनवर वरून खाली उभे ओरखडे आहेत, नखाने काढल्यासारखे, आणि एका ठिकाणी ॲल्युमिनियम वितळून रिंगवर पसरलेलं आहे. कार्बोरेटर काढून दुसऱ्या बाजूनेही पाहिलं. तिकडेही तसेच ओरखडे. फिल्टरमधून धूळ गेली असती तर कार्बोरेटरच्या बाजूला मंद, घासल्यासारखी झीज दिसली असती. दोन्हीकडे असे ओरखडे पाहिल्यावर मला एकच शंका आली.

ती शंका टाकीतल्या पेट्रोलने पक्की केली. खिशात मेंटेनन्सची पावती होती, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टाकीतला एक थेंब टाकला. शेजारी माझ्या बगीच्यातल्या फवारणी पंपाचं, तेल मिसळलेलं पेट्रोल एक थेंब. पाच मिनिटांत दोन्ही वाळले. माझ्या थेंबाच्या जागी तेलकट गोल डाग राहिला, उजेडात धरला तर आरपार दिसतो. सोसायटीच्या थेंबाच्या जागी कागद कोरा. पावती सोबत जोडली आहे, त्यावर पैसे भरल्याचा शिक्काही आहे, तेवढा जपून ठेवावा.

म्हणजे मशीन बिनतेलाच्या पेट्रोलवर चालली.

या टू-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी जागाच नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल क्रँकच्या, म्हणजे पिस्टनखालच्या फिरत्या भागाच्या, पोटातून फिरतं, तेच बेअरिंगला, तेच पिस्टनला. ते नसलं तर पिस्टन तापून फुगतो, सिलेंडरच्या भिंतीला घासतो आणि काही मिनिटांत जाम. आपल्या पिढीला हे सांगायची गरज नाही. स्कूटर घेऊन पंपावर गेलं की पंपवाला आधी विचारायचा, ऑइल किती? त्या स्कूटरी गेल्या आणि त्यांच्याबरोबर ही सवयही गेली. आजच्या पोराला पेट्रोल म्हणजे नुसतं पेट्रोल.

ग्रुपवर चौकीदाराने मशीन बिघडवली असं एका सदस्याने लिहिलं आहे, ते मला पटलं नाही. जुलैत ऑइलची बाटली संपली तेव्हा त्याने आपल्या सचिवांना सांगितलं होतं. मी तिथेच उभा होतो. आणू, असं उत्तर मिळालं. मग पाऊस उघडला, गवत गुडघ्याएवढं झालं, सगळ्यांनी त्याच्यामागे धोशा लावला आणि तो पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन आला. बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं. मला तरी कुठे आठवलं? त्या दिवशी संध्याकाळी बाजारात गेलो होतो, ऑइलच्या दुकानासमोरून आलो, आणि भाजी घेऊन घरी परतलो.

शिवाय हा गुन्हा मीही केलेला आहे. बगीच्यातला पाठीवरचा फवारणी पंप मी असाच जाम केला, मिसळलेल्या पेट्रोलची आणि साध्या पेट्रोलची बाटली सारखीच होती म्हणून. तेव्हा मलाही दुकानदाराने नवीन घ्या सांगितलं होतं आणि मी मुकाट घेतला. जुना पंप तीनशे रुपयांना भंगारात गेला. ज्याने तो घेतला त्याने ब्लॉक (म्हणजे सिलेंडर) आणि पिस्टन बदलून दोन हंगाम चालवला, हे मला नंतर कळलं. घरी अजून त्याचा विषय निघतो, मी काढत नाही.

आपल्या भागात घरोघरी संत्र्याचे बगीचे, म्हणून ही इंजिनं उघडणारे हात इथे भरपूर आहेत, अमरावतीला पाठवायची गरज नाही. एसटी स्टँडमागच्या मिस्त्रीला काल दुपारी मोबाइलवरचे फोटो दाखवले. तो म्हणाला, "काहून टाकता जी भंगारात? वरचा ब्लॉक गेला फक्त. खालची क्रँक पाह्यतो, ते ठनठनीत असन तर मशीन अजून चार वर्षं हालत नाई." त्याचा हिशोब असा: ब्लॉक, पिस्टन, रिंगा, पिन, लॉक आणि गॅस्केट मिळून 1,450 रुपये, मजुरी 600. एकूण 2,050.

सभेत कोणीतरी म्हणेल, मग जुनाच ब्लॉक लेथवर बोअर करून, म्हणजे आतून कातून घ्या, आणखी स्वस्त पडेल. स्कूटरचा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा ब्लॉक बोअर व्हायचा. हा ॲल्युमिनियमचा आहे, आत फक्त पातळ कठीण मुलामा. लेथवर लावला की मुलामाच निघून जातो. त्यावर पैसे घालू नयेत.

माझी अट मात्र एकच आहे. ब्लॉक निघाल्यावर मिस्त्रीने आपल्यासमोर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून दाखवावा. बाजूला थोडा हलला तर चालतो, वर-खाली खेळ मुळीच नको. तो खेळ असला किंवा क्रँक फिरवताना खरखर आली तर मोठ्या बेअरिंगनेही तेलाविना मार खाल्ला आहे, आणि मग नवा ब्लॉक त्यावर चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. तसं निघालं तर मी स्वतः माझं म्हणणं मागे घेईन. पण तेव्हाही पूर्ण मशीन घेऊ नये, नुसतं इंजिन मिळतं. दांड्याचा पाइप 26 की 28 मिलिमीटर आणि आतल्या शाफ्टचे दात 7 की 9, एवढं मोजून दुकानात गेलं की जुन्या दांड्यावर बसतं. आपला पाइप मी मोजला, 26 आहे. दात मोजायचे राहिले. दांडा, गिअर, ब्लेड, पट्टा सगळं चांगलं असताना ते तोलून भंगारात का द्यायचं?

दुरुस्ती करताना दोन गोष्टींवर कोणीतरी उभं राहावं, मी राहीन. क्रँकच्या पोटात पडलेला ॲल्युमिनियमचा चुरा पेट्रोलने धुऊन काढायचा, नाहीतर नवा पिस्टन पहिल्याच आठवड्यात ओरखडून घेतो. आणि पिस्टनच्या माथ्यावरचा बाण सायलेन्सरकडे ठेवायचा. उलटा बसला तर रिंगेचं टोक खिडकीत अडकून तुटतं.

कोषाध्यक्षांनी फोर-स्ट्रोक घेण्याचं सुचवलं आहे, म्हणजे मिसळायची कटकट नको. सूचना वाईट नाही. पण त्या इंजिनाच्या पोटात स्वतःचं तेल असतं, लहान मशीनमध्ये शंभर मिलीच्या आसपास, आणि ते दर वेळी पाहावं लागतं. ज्या सोसायटीत टू-टीची बाटली तीन आठवडे आली नाही, तिथे ते शंभर मिली कोण पाहणार? तेल कमी असलेल्या फोर-स्ट्रोकचा रॉड तुटला की तो बाहेरचं कवच फोडून येतो, तिथे मग दुरुस्तीही नाही. बॅटरीची मशीन आपल्या एवढ्या ओपन स्पेसला पुरणार नाही. तणनाशक मारून मोकळं व्हा, हे ज्यांनी लिहिलं त्यांनी 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारणीच्या विषबाधेने शेतकरी गेले ते आठवावं. त्या जागेत पोरं अनवाणी खेळतात.

तेव्हा विनंती ही की 14,800 रुपयांचा विषय तूर्त बाजूला ठेवून 2,050 च्या दुरुस्तीला समितीने मंजुरी द्यावी. आणि त्याच ठरावात पेट्रोल कोण मिसळणार त्याचं नाव लिहावं. ते नाव नसलं तर नवी मशीनही पुढच्या जुलैत याच शेडमध्ये याच कारणाने उभी दिसेल. नाव माझं लिहिलं तरी चालेल. मशीनच्या पुस्तिकेत 25 ला 1 दिलं आहे, म्हणजे लिटरला 40 मिली. खोकल्याच्या औषधाबरोबर 10 मिलीचं माप येतं, त्याची चार मापं. लाल रंगाचा पाच लिटरचा कॅन वेगळा ठेवू, त्यावर ऑइलपेंटने "तेल मिसळलेलं" असं लिहू, आणि पाण्याच्या बाटल्या शेडमधून हद्दपार करू. दिवाळीनंतर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतलं पाणी ओढतं. जूनपर्यंत टाकीत राहिलं तर कार्बोरेटरचा पडदा कडक होतो आणि पुढच्या पावसाळ्यात नवाच आजार.

घाई आहे हे मला कळतं. शुक्रवारी झेंडावंदन त्याच ओपन स्पेसमध्ये, त्यानंतर आठवड्याभरात पोळा, आणि तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन तिथेच येणार. घसरगुंडीजवळ परवा घोणस निघाली ती आपणही पाहिली. म्हणून बुधवारी सकाळी माझ्या बगीच्यातली मशीन मी घेऊन येतो, माझ्या पेट्रोलसकट. चौकीदाराला चष्मा आणि गमबूट देऊन झेंड्याभोवतीचं आणि रस्त्याकडेचं गवत काढून घेऊ. गाजरगवत फुलावर यायच्या आत निघालेलं बरं. बाकीचं सोसायटीची मशीन सुरू झाल्यावर.

सोसायटीच्या सामानाच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मशीनची नोंद तूर्त खोडू नये. 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते, तिथे मिस्त्रीचं बिल आणि जुना पिस्टन दोन्ही टेबलावर ठेवतो. ज्यांना शंका असेल त्यांनी बोट फिरवून पाहावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
प्लॉट क्र. 27 चा रहिवासी

सोबत: मेंटेनन्सची पावती (मागची बाजू पाहावी), मिस्त्रीच्या हिशोबाची चिठ्ठी

ता. क. सायलेन्सरचे दोन स्क्रू आमच्या फ्रिजवरच्या हळदीकुंकवाच्या डबीत आहेत. भंगारवाला आधीच आला तर त्याला सांगावं, मशीन पूर्ण नाही.