खदान कामगाराची बाजू कोणती?

संपादक साहेब, नमस्कार.

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याचे माजी सिनेटर जो मॅन्चिन यांच्यावर तुमच्या पेपरात जे आलं त्यात त्यांना कोळसा कामगारांचा माणूस म्हटलंय, आणि सरकारी खर्चाला आणि नियमांना त्यांचा विरोध असतो तो कामगारांसाठीच असं लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी मूळचा घुग्घुसचा, बाबा अंडरग्राउंड खदानीत होते, आणि आता बरीच वर्षं वेस्ट व्हर्जिनियात मॉर्गनटाउनला राहतो. मॅन्चिन यांचं गाव फार्मिंग्टन इथून गाडीने अर्ध्या तासावर आहे.

त्या गावाजवळच्या खदानीत 20 नोव्हेंबर 1968 ला पहाटे स्फोट झाला, 78 माणसं गेली, त्यात मॅन्चिन यांचे सख्खे मामा होते. 19 जणांच्या बॉडी कधी मिळाल्याच नाहीत. त्यावरून देशभर इतका संताप झाला की 1969 मध्ये खदान सुरक्षेचा केंद्रीय कायदा आला, खदानीत धूळ किती असावी याची लिमिट आली आणि ब्लॅक लंग म्हणजे कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं निकामी झालेल्या कामगारांना भरपाई आली. म्हणजे नियम काय असतो आणि कशातून येतो हे या माणसाला घरातूनच माहीत आहे, आणि ते विसरले असं मी म्हणणार नाही, 2006 मध्ये सेगो खदानीत 12 जण गेले तेव्हा ते गव्हर्नर होते आणि त्याच महिन्यात त्यांनी राज्यात सुरक्षेचा नवीन कायदा केला.

पण मग 2010 बघा. एप्रिलमध्ये अप्पर बिग ब्रँच खदानीत 29 जण गेले. मॅन्चिन यांनीच नेमलेल्या चौकशी पॅनलने पुढच्या वर्षी सांगितलं की हे टाळता आलं असतं, आणि ज्या 24 मृतांची फुफ्फुसं तपासता आली त्यातल्या 17 जणांना ब्लॅक लंग होता! त्याच 2010 च्या ऑक्टोबरमध्ये ते सिनेटच्या इलेक्शनच्या जाहिरातीत रायफल घेऊन क्लायमेटच्या बिलाच्या कागदावर गोळी झाडताना दिसले, आणि त्याच महिन्यात गव्हर्नर म्हणून ईपीएवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्यावर, केस टाकली. पर्यावरणाचा नियम वेगळा आणि खदान सुरक्षेचा वेगळा हे मला कळतं, पण वर्षानुवर्षं लोकांच्या डोक्यात वॉशिंग्टनचा नियम म्हणजे आपल्या पोटावर पाय असं बसवलं की मग धुळीचा नियम आला तरी कामगार स्वतःच संशयाने बघतो, हे मी इथे शेजारीपाजारी रोज ऐकतो.

आणि नियमांनी नोकऱ्या गेल्या हे तर आकड्यातच बसत नाही. 1940 च्या दशकात या राज्यात लाखाच्या वर खदान कामगार होते. ईपीए स्थापन झाली 1970 मध्ये, तोवर ते पन्नास हजाराच्या आत आले होते, कारण मशीन आल्या, रेल्वे डिझेलवर गेली, घरात कोळसा जाळणं बंद झालं. नंतर शेल गॅस, म्हणजे खडकातून काढलेला नैसर्गिक गॅस, कोळशापेक्षा स्वस्त झाला.

आता खर्चाचं. डिसेंबर 2021 मध्ये मॅन्चिन यांनी बिल्ड बॅक बेटर बिलाला, म्हणजे बायडेन सरकारच्या मोठ्या खर्चाच्या बिलाला, टीव्हीवर नाही म्हटलं, कारण दिलं महागाई आणि सरकारवरचं 29 ट्रिलियन डॉलरचं कर्ज. महागाईची काळजी खोटी नव्हती. पण त्याच बिलात ब्लॅक लंग फंडाचा टॅक्स चालू ठेवायची तरतूद होती, म्हणून खदान कामगारांच्या युनियनने दुसऱ्याच दिवशी त्यांना फेरविचार करायला सांगितलं. हा टॅक्स कंपन्या भरतात, टनामागे अंडरग्राउंडला 1.10 डॉलर आणि ओपनकास्टला 55 सेंट. कंपनी दिवाळखोरीत गेली की आजारी कामगाराला पैसे याच फंडातून मिळतात, आणि फंडात कमी पडलं की सरकारी तिजोरीतून उधार घेतात. त्यांच्या एका मताशिवाय बिल पास होणार नव्हतं, ते अडलं, जानेवारी 2022 पासून टॅक्स निम्म्यापेक्षा खाली आला, म्हणजे कंपन्यांचं ओझं कमी झालं आणि तेवढं तिजोरीवर गेलं. सरकारी कर्जाची ज्याला काळजी आहे त्याने सगळ्यात आधी हा टॅक्स वाचवायला हवा होता. ऑगस्ट 2022 च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टमध्ये त्यांनीच तो कायमचा करून दिला, त्यासाठी मी त्यांचे आभारच मानतो, पण मधले महिने कोणाच्या फायद्याचे होते हे तुमच्या लेखात यायला पाहिजे होतं. त्यांच्या कुटुंबाची कोळशाची कंपनी आहे आणि 2020 च्या त्यांच्याच डिस्क्लोजरप्रमाणे, म्हणजे सिनेटरने जाहीर करायच्या कमाईच्या माहितीप्रमाणे, त्यातून त्यांना जवळपास 5 लाख डॉलर मिळाले, हेही यायला पाहिजे होतं. मालकाची बाजू आणि कामगाराची बाजू एकच धरून चालू नका एवढीच विनंती आहे.

जानेवारी 2025 मध्ये मॅन्चिन सिनेटमधून गेले, त्यांच्या जागी जिम जस्टिस आले, तेही कोळसा व्यवसायातलेच.

बाबांना आता दोन जिने चढले की मधे बसावं लागतं. परवा फोनवर हे सगळं सांगत होतो तर त्यांनी एकच विचारलं, तिकडे खदानवाल्यांना एक्सरे फुकट काढून देतात का. देतात बाबा, त्याच 1969 च्या कायद्याने, सरकारी खर्चाने, आमच्या मॉर्गनटाउनच्याच ऑफिसमधून. एप्रिल 2025 मध्ये त्या ऑफिसच्या लोकांना कामावरून काढायच्या नोटिसा आल्या होत्या, एका खदान कामगाराने केस टाकली आणि मे महिन्यात कोर्टाने ते काम परत सुरू करायला लावलं.

आपला एक वाचक,
मॉर्गनटाउन, वेस्ट व्हर्जिनिया (मूळ घुग्घुस, जि. चंद्रपूर)