टाऊन हॉलच्या दारात एक दगड तरी लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नागपूरच्या जुन्या इमारतींवर लिहिणारे बहुतेक जण झिरो माईलपासून निघतात आणि सिव्हिल लाइन्समध्येच थांबतात. 1925 चं वालुकाश्मातलं रेल्वे स्टेशन, हेन्री मेड यांनी आखलेली 1940 ची हायकोर्टाची इमारत. त्यात वावगं काही नाही. हायकोर्टाचा घुमट मीही मान वर करून पाहतो. पण मी महाल या जुन्या वस्तीतला माणूस. महापालिकेच्या महासभा जिथे भरायच्या, त्या आमच्या टाऊन हॉलचा विषय काढला की समोरचा विचारतो, ‘त्यात पाहण्यासारखं काय आहे?’

पाहण्यासारखं कमी असेल, सांगण्यासारखं भरपूर आहे. 1854 मध्ये दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी भोसल्यांचं राज्य घशात घातलं. दहा वर्षांनी, 1864 मध्ये, महालातला भोसल्यांचा राजवाडा जळाला. नगारखाना तेवढा वाचला. आणि त्याच 1864 मध्ये नागपूरची नगरपालिका स्थापन झाली! राजाचा वाडा राख झाला त्याच वर्षी शहराच्या कारभाराची वेगळी वही उघडली गेली. सुरुवातीला त्या वहीवर साहेबाचीच सही चाले, हा भाग वेगळा. 1951 मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. म्हणजे आपली नगरपालिका महाराष्ट्र राज्यापेक्षा 96 वर्षांनी थोरली. हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

मला कळलं ते वडिलांमुळे. महासभा असली की ते मला टाऊन हॉलमध्ये घेऊन जायचे. विषयपत्रिकेतलं मला ओ की ठो कळत नसे. पण एकदा एक सभासद अर्धा तास नियमांवर बोलत राहिले, तेव्हा प्रेक्षकांतून एक आजोबा काठी आपटत उठले. ‘पानी कवा येनार, थे सांगा पयले!’ सभागृह हसलं, मग गप्प झालं. शिपायाने आजोबांना बाहेर नेलं, तेही हाताला धरून, अदबीनं. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत पाणी आलं की नाही, ते मात्र आठवत नाही.

सभागृह जुनं असो की नवं, माझा हट्ट त्याच्या भिंतींसाठी नाही. नवं बांधणाऱ्यांनी एसी बसवावा, माईकही धड चालणारे घ्यावेत. फक्त दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा उंचीवर, एक दगड लावावा. त्यावर वाड्याची आग, 1864 आणि 1951, एवढं मराठीत कोरलेलं असावं. उद्घाटकांची नावं मागच्या बाजूला घ्या. दगड शक्यतो कामठीकडचा वालुकाश्मच हवा. भूगर्भशास्त्रात त्या खडकांच्या थराला नावच कामठीचं आहे. चकचकीत ग्रॅनाइटवर सोनेरी रंगाची अक्षरं तेवढी नकोत, दोन पावसाळ्यांत ती उडतात.

आपला,
महालातला एक जुना रहिवासी, नागपूर